तुम्ही विचारलंत म्हणून : पियानोच्या क्लासात गायिकेचा फोटो

माझ्या क्लासच्या भिंतीवर तीन फोटो आहेत. एक बाख, एक बेथोवन आणि एक डोक्याला कापड गुंडाळलेली, कॅमेऱ्याकडे ढुंकूनही न बघणारी कृष्णवर्णीय बाई. पहिल्या दोघांबद्दल आजवर कुणी काही विचारलेलं नाही. एकाचा विग आणि दुसऱ्याचे पिंजारलेले केस पाहिले की पालकांना वाटतं, चला, योग्य ठिकाणी आलो. तिसऱ्या फोटोपाशी मात्र प्रत्येक जण थबकतो. "मॅडम, ह्या कोण?" मी नाव सांगते, नीना सिमोन. लगेच मोबाइल निघतो, शोधाशोध होते आणि पुढचा प्रश्न येतो, "पण ह्या तर सिंगर आहेत ना? सोल, जॅझ असं काहीतरी लिहिलंय. मग पियानोच्या क्लासात कशाला?"

बावीस वर्षं हा प्रश्न ऐकतेय. थोडक्यात उत्तर द्यायचं तर, तिला गायिका व्हायचंच नव्हतं. सविस्तर सांगायला कधी वेळ मिळत नाही, कारण तोवर दारात पुढची बॅच चपला काढत असते. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

नीना सिमोन हे तिचं खरं नाव नाही. ती युनिस कॅथलीन वेमन. जन्म २१ फेब्रुवारी १९३३चा, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या ट्रायन नावाच्या छोट्या गावातला. आठ भावंडांत सहावी. आई मेथडिस्ट पंथाची उपदेशक, आणि पोटासाठी गोऱ्या लोकांच्या घरी कामाला जाणारी. पोरगी तीन-चार वर्षांची असतानाच ऐकलेली भजनं पियानोवर आपोआप वाजवायला लागली आणि लवकरच चर्चमध्ये साथीला बसली. आपल्याकडे भजनी मंडळात एखादं पोर पेटीवर बसतं आणि बुवा कुठल्या पट्टीत शिरतील, कधी लय वाढवतील हे त्याला मानेच्या हालचालीवरून कळायला लागतं, तशी ही तालीम. कागद नाही, परीक्षा नाही, तासन्‌तास वाजवायचं.

आई जिच्याकडे कामाला होती त्या बाईंनी मुलीची बोटं पाहून पहिल्या शिकवणीचे पैसे दिले. शिक्षिका होत्या म्युरिएल मॅझानोविच, मूळच्या इंग्लंडच्या. त्यांनी तिच्यापुढे बाख ठेवला. पुढे आत्मचरित्रात तिने लिहिलंय की बाख कळल्यावर तिला मैफलीत वाजवणारी पियानोवादक होण्याखेरीज दुसरं काही सुचेनासं झालं. शिक्षिकेने तिच्या नावाने निधी उभा केला, गावातल्या गोऱ्या-काळ्या दोन्ही लोकांनी त्यात पैसे घातले. अमेरिकेच्या दक्षिणेत, त्या काळात!

पण त्याच गावात ही गोष्टही घडली. अकरा-बारा वर्षांची असताना तिचा जाहीर कार्यक्रम होता. आईवडील पहिल्या रांगेत बसले होते. कुणी गोरं जोडपं आलं म्हणून त्यांना उठवून मागे बसवायला निघाले. पोरगी पियानोवरून उठली आणि म्हणाली, माझ्या आईबाबांना पुढे बसवलं नाहीत तर मी वाजवणार नाही. बसवलं. (आमच्या वार्षिक कार्यक्रमात पहिली रांग पाहुण्यांसाठी राखीव का नसते, हेही बऱ्याच जणांनी विचारलं आहे. त्याचं उत्तर हेच.)

पुढे १९५० साली न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संगीतशाळेत उन्हाळी सत्र झालं आणि १९५१मध्ये फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूट या संगीतसंस्थेची प्रवेशपरीक्षा. कर्टिसला शिक्षण फुकट असतं, म्हणजे फी नसलेल्या घरातल्या मुलीला तेवढं एकच दार होतं. घरच्यांना तिच्या प्रवेशाची इतकी खात्री होती की सगळं कुटुंबच फिलाडेल्फियाला राहायला गेलं होतं. तिला नाकारलं. आपण काळ्या म्हणून नाकारलं, असं ती जन्मभर म्हणत राहिली. तिथल्या लोकांनी ते मान्य केलं नाही, जागाच थोड्या होत्या म्हणाले. माझ्यापुरतं सांगते: ज्या मुलीच्या आईवडिलांना पहिल्या रांगेतून उठवलं गेलं होतं, तिला दुसरं कुठलं कारण खरं वाटणार होतं? एप्रिल २००३मध्ये त्याच संस्थेने तिला मानद पदवी दिली. दोन दिवसांनी ती गेली.

तर, प्रवेश नाही म्हटल्यावर पोटाचं काय? शिकवण्या घ्यायच्या, गाण्याच्या विद्यार्थ्यांना साथ करायची, आणि त्या पैशातून कर्टिसच्याच एका शिक्षकाकडे खासगी धडे घ्यायचे, म्हणजे पुन्हा परीक्षा देता येईल. १९५४च्या उन्हाळ्यात अटलांटिक सिटीतल्या मिडटाउन नावाच्या बारमध्ये पियानो वाजवायचं काम मिळालं. आठवड्याला ९० डॉलर, रात्री नऊ ते पहाटे चार. ती झुळझुळीत गाऊन घालून गेली, जणू मैफल आहे, आणि पिऊन पेंगणाऱ्या गिऱ्हाइकांपुढे बाख, चर्चची गाणी आणि चालू गाणी एकमेकांत गुंफून रात्रभर वाजवलं. स्वतः दूध पीत होती. मालकाने विचारलं, गात का नाहीस? ती म्हणाली, मी पियानो वाजवते. तो म्हणाला, उद्यापासून गायचं, नाहीतर काम नाही.

दुसऱ्या रात्री ती गायली. एवढंच. अख्खं जग ज्या आवाजावर जीव टाकतं तो आवाज नोकरीची अट म्हणून बाहेर आला.

नावही तिथलंच. बारमध्ये सैतानाचं संगीत वाजवते हे उपदेशक आईला कळू नये म्हणून युनिसची नीना झाली. एक मित्र तिला 'निन्या' म्हणायचा, स्पॅनिशमध्ये छोटी मुलगी. आणि सिमोन घेतलं फ्रेंच नटी सिमोन सिन्योरेवरून.

ही गोष्ट मला लागते त्याला कारण आहे. पंचविशीत मी एका हॉटेलच्या लॉबीत संध्याकाळी पियानो वाजवायचे. दुसऱ्याच आठवड्यात मॅनेजर म्हणाले, "नुसतं वाजवून माहोल होत नाही हो मॅडम, जरा गात जा." मी गायले नाही, काम गेलं. माझा आवाज ज्यांनी ऐकला आहे ते सांगतील की तो निर्णय समाजहिताचा होता. पण घरी येताना लोकलमध्ये वाटत राहिलं, की बोटांनी जे बोलतो ते ऐकूच येत नाही का लोकांना? काही वर्षांनी नीनाची अटलांटिक सिटीची हकिकत वाचली आणि तिचा फोटो भिंतीवर गेला.

आता तिच्या पहिल्या आल्बमकडे या. बेथलेहेम नावाच्या कंपनीने काढला. त्यातलं अमेरिकी संगीतकार गर्श्विनच्या ऑपेरातलं 'आय लव्ह्ज यू, पोर्गी' १९५९मध्ये अमेरिकेत पहिल्या विसात पोचलं आणि नाव झालं. मी मात्र येणाऱ्या प्रत्येकाला त्यातलं 'लव्ह मी ऑर लीव्ह मी' ऐकवते. जुनं नाटकातलं गाणं, ठेका उड्या मारणारा. ती दोन कडवी गाते आणि मग गप्प होते. मधला तुकडा पियानोचा. जॅझवाला इथे आपल्या हरकती, ताना मारेल. ही काय करते? बाख आणते. उजवा हात एक सुरावट घेऊन निघतो, डावा ती मागून उचलतो, तोवर उजवा पुढे गेलेला असतो. दिंडीत मागची फळी पुढच्यांचं पालुपद उचलते ना, तसंच. फक्त इथे पुढचे थांबत नाहीत. आणि खाली ठेका तसाच झुलत असतो. दोन्ही हात दोन स्वतंत्र माणसं असल्यासारखे चालतात आणि तरी कुणी कुणाच्या पायात येत नाही. कर्टिसने तिला घेतलं नाही, म्हणून तिने बाखला बारमध्ये आणून बसवलं.

हे एकदा कानाला लागलं की मग तिच्या गाण्यात सगळीकडे सापडायला लागतं. तिचा आवाजही मला पियानोच्या डाव्या अंगाचा वाटतो. खर्जातला, जरासा खरखरीत, शब्द संपताना कंप सोडणारा. बाकीच्या गायिकांना वादक साथ करतात. इथे गाणारी आणि साथ करणारी एकच असल्यामुळे ती हवं तेव्हा थांबते, आणि त्या थांबण्यात कुणाला धावाधाव करावी लागत नाही. तिला जॅझ गायिका म्हटलेलं अजिबात आवडायचं नाही. काळ्यांचं अभिजात संगीत म्हणा, असं तिचं म्हणणं. पुढे कंपनीने 'सोलची महापुजारीण' अशी बिरुदावली चिकटवली, तीही मला लग्नाच्या हॉलमधल्या फलकासारखी वाटते.

१२ एप्रिल १९६३ला ती न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या नामांकित सभागृहात वाजवायला बसली. तिथे बसणं हेच लहानपणापासूनचं स्वप्न, पण आपण बाख वाजवायला बसलो नाही, हे ती बोलून दाखवायची. त्याच दिवशी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बर्मिंगहॅममध्ये मार्टिन ल्यूथर किंगना अटक झाली होती. लेखिका लॉरेन हॅन्सबेरी तिची जिवलग मैत्रीण. तिने फोन करून सुनावलं की तुझे लोक तुरुंगात आहेत, तू काळ्यांच्या हक्कांच्या चळवळीसाठी काय करतेयस?

उत्तर त्याच वर्षी १५ सप्टेंबरला आलं. बर्मिंगहॅमच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट या काळ्यांच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटला आणि रविवारच्या शाळेला आलेल्या चार मुली मेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. बातमी ऐकून नीनाने घरातल्या सटरफटर सामानातून बंदूक जुळवायला घेतली. नवरा अँड्र्यू स्ट्राउड पूर्वी पोलिसात होता. तो म्हणाला, तुला मारामारी येत नाही, तुला संगीत येतं. तासाभरात तिने 'मिसिसिपी गॉडॅम' लिहिलं.

त्याची चाल ऐका. संतापाचं गाणं म्हटल्यावर आपण संथ, काळवंडलेली चाल धरून बसतो. इथे डावा हात टुणटुण चालतो, एखाद्या आनंदी संगीत नाटकासारखा. १९६४मध्ये कार्नेगी हॉलमध्ये ती प्रेक्षकांना सांगते की हे नाटकातलं गाणं आहे, फक्त ते नाटक अजून लिहिलं गेलेलं नाही. गोरे प्रेक्षक हसतात. मग पुढच्या ओळी येतात आणि हसू कमी कमी होत जातं. रेकॉर्डवर ते चक्क ऐकू येतं. दक्षिणेतल्या काही राज्यांत गाण्यावर बंदी आली. सबब नावातल्या 'गॉडॅम' या शिवीची. साउथ कॅरोलायनातून रेकॉर्डींचं एक खोकं परत आलं, त्यातली प्रत्येक रेकॉर्ड मधोमध मोडलेली. किंगच्या हत्येनंतर तिसऱ्या दिवशी, ७ एप्रिल १९६८ला, ती आणि तिचे वादक बासवादक जीन टेलरने किंगवर नुकतंच लिहिलेलं गाणं घेऊन मंचावर बसले. ते मी मुलांना ऐकवत नाही. मलाच पूर्ण ऐकवत नाही.

इथवर सांगितलं की पालक भारावतात, म्हणून उरलेलंही सांगते. ती देवी नव्हती. नवरा तिला मारायचा, आणि तोच तिचा मॅनेजर. पुढे तिच्या हातून मुलीवर तेच झालं, हे मुलीने स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. १९७० नंतर तिने अमेरिका सोडली. बार्बाडोस, मग दक्षिण आफ्रिकेची गायिका मिरियम मकेबा हिच्या सांगण्यावरून लायबेरिया, स्वित्झर्लंड, पॅरिस, नेदरलँड्स, शेवटी दक्षिण फ्रान्स. बायपोलर आजाराचं निदान व्हायला फार वर्षं गेली. तोवर सगळ्यांनी त्याला तिचा तऱ्हेवाईकपणा म्हटलं. १९७६चा स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोच्या जॅझ महोत्सवातला कार्यक्रम पाहा. गाणं ऐन रंगात असताना एक बाई हलताना दिसते, आणि नीना गाणं थांबवून तिला खाली बसायला सांगते. बसेपर्यंत सोडत नाही. किशोरीताईंच्या मैफलीत कुजबुज झाली की काय व्हायचं हे आपल्याकडे ठाऊकच आहे, त्यामुळे मला त्यात आजाराइतकीच तालीमही दिसते. जिला बारमधल्या गोंगाटात बाख वाजवावा लागला, तिने नंतर शांतता हक्काने मागितली.

पैशांचं म्हणाल तर पहिल्या आल्बमचे हक्क तिने ३,००० डॉलरला देऊन टाकले होते. त्यातलंच 'माय बेबी जस्ट केअर्स फॉर मी' १९८७मध्ये शनेल नंबर ५ अत्तराच्या जाहिरातीत वाजलं, युरोपभर गाजलं, इंग्लंडमध्ये पहिल्या पाचांत गेलं, आणि तिला त्यासाठी भांडावं लागलं. मोठ्या मुलांना करार वाचायला मी शिकवते, तेव्हा हाच दाखला देते.

तर ऐकायचं कुठून? 'फीलिंग गुड' तुम्ही कुठल्यातरी कॅफेत ऐकलेलं असेलच, ते राहू द्या. दहा मिनिटांचं 'सिनरमन' रात्री उशिरा ऐका. ट्रायनच्या चर्चमध्ये तासन्‌तास बसलेली पोरगी त्यात आहे. पण सुरुवात 'लव्ह मी ऑर लीव्ह मी'पासून करा, आणि ती गायची थांबली की उठून चहा ठेवायला जाऊ नका.

गेल्या महिन्यात पियानोच्या पाचव्या ग्रेडची एक मुलगी फोटोकडे बघत बसली होती. तिच्या बाबांचा नेहमीचा प्रश्न झाला, म्हणून मी तेच गाणं लावलं. मधला तुकडा आला तशी तिची बोटं मांडीवर चालायला लागली. मग एकदम म्हणाली, "मिस, हे तर आपल्या बाखच्या इन्व्हेन्शनसारखं जातंय!" बाबा म्हणाले, "अगं, गाणं ऐक ना." ती म्हणाली, "तेच ऐकतेय."