तुम्ही विचारलंत म्हणून: ती तारीख खरी कशावरून?

व्याख्यान संपलं की कुणाचा तरी हात वर जातोच. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरच्या पीटचे, म्हणजे मॉस (शेवाळासारखी वनस्पती) आणि इतर झाडोरा अर्धवट कुजून साचलेल्या थरांचे, फोटो दाखवून झालेले असतात. थर किती जुना हे कार्बन-१४ वरून कळतं, वनस्पती मेली की तिच्यातला हा कार्बन घटत जातो आणि निम्मा व्हायला ५७३० वर्षं लागतात, हेही सांगून झालेलं असतं. मग प्रश्न येतो, "पण मॅडम, ती तारीख खरी कशावरून?" पुण्यात येतो, सांगलीत येतो, पणजीतही येतो. इतकी वर्षं मी ठरलेलं उत्तर देत आले: मोजणी काटेकोर असते, अनिश्चितता किती ते सोबत दिलेलं असतं, वर्षं झाडांच्या वलयांशी ताडून घेतलेली असतात. यातलं काहीच खोटं नाही. तरी विचारणारा खाली बसताना समाधानी नसतो, हे मला दिसतं. म्हणून एकदा सगळं सांगते.

मोजणीबद्दल मला आजही शंका नाही. एक मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो, आणि पाच हजार वर्षांपूर्वीच्या नमुन्यातही अनिश्चितता २५-३० वर्षांची राहते. घोळ होतो तो त्याआधी, मोजायला काय दिलं यात. मॉसला मुळं नसतात, ते कार्बन हवेतून घेतं, म्हणून ते आम्हाला हवं असतं. पण पीट म्हणजे नुसतं मॉस नव्हे. ध्रुवीय विलो जेमतेम बोटभर उंचीचं झुडूप, पण त्याची मुळं खालच्या जुन्या थरांत शिरतात आणि तारीख अलीकडे ओढतात. शिवाय स्वालबार्डच्या खडकांत कोळसा आहे. कोळशातला कार्बन-१४ कधीच संपलेला. त्याचे कण मिसळले की तारीख मागे जाते, थर आहे त्याहून जुना वाटतो. शंभरात सात भाग कोळसा असला, तर सहाशे वर्षांचा फरक पडतो.

आता ती गोष्ट. स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंड गावी भारताच्या 'हिमाद्री' या संशोधन तळावर मी राहत होते. गाव मुळात खाणीचं. १९६२ च्या दुर्घटनेत २१ खाणकामगार गेले आणि त्यानंतर खाण बंद झाली. कोळशाच्या गाडीचं छोटं इंजिन अजून तिथे उभं आहे. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या खाडीच्या, काठाने चालत आम्ही पक्ष्यांच्या एका कड्याखाली गेलो. वर हजारो पक्षी, त्यांची विष्ठा वर्षानुवर्षं खाली पडते आणि त्या खतावर मॉस माजतं. एकजण अस्वलासाठी रायफल घेऊन उभा, बाकीचे आम्ही गुडघ्यांवर. वरचा थर सुरीने कापला, खालचा गोठलेला होता, तो ड्रिलने काढला. जुलै असूनही बोटं बधिर झाली होती. मी खूप आनंदात होते, हे लिहायला हवं.

पाच वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. काही महिन्यांनी निकाल आला. चार तारखा खाली जावं तशा जुन्या होत गेल्या होत्या. उरलेली पाचवी, म्हणजे ६० सेंटीमीटरची, तिच्याखालच्या ८० सेंटीमीटरपेक्षा चारशे वर्षांनी जुनी. वरचा थर खालच्याहून जुना!

मी लगेच लिहून टाकलं: खाणीची धूळ. इंजिन डोळ्यांसमोर होतं ना. तेव्हाच्या मला आज धरून विचारावंसं वाटतं, अगं, तो थर गाडला गेला तेव्हा खाण होती कुठे? हजारो वर्षांपूर्वीच्या थरात विसाव्या शतकातली धूळ शिरेल कशी? एक तर ती ड्रिलबरोबर वरून खाली गेली असेल, नाहीतर कोळसा डोंगरातूनच झिजून, वाहून आला असेल. दोन्ही शक्य होतं, आणि मी दोन्ही तपासलं नाही. मी ६० सेंटीमीटरचा उरलेला नमुना घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली तीन दिवस बसून मॉसच्या काड्या आणि पानं तेवढी वेचली, आणि तीच पुन्हा पाठवली. या वेळी तारीख ८० सेंटीमीटरपेक्षा दोनशे वर्षांनी अलीकडची आली. जागेवर बसली. मला रडू आलं होतं.

वेचून पाठवणं योग्यच होतं, यावर मी आजही ठाम आहे. चूक वेगळीच आहे. जी तारीख खटकली तेवढीच मी वेचून तपासली. ज्या चार पटल्या, त्या तशाच ठेवल्या. त्या सगळ्या पिशवीतल्या सरसकट पीटच्या होत्या, मुळांसकट. मुळं आणि कोळसा एकाच नमुन्यात असतील तर दोघांची ओढ एकमेकांना झाकते, आणि चुकीची तारीखही जागेवर बसल्यासारखी दिसते.

आणि हे नुसतं वर्षांपुरतं नाही. ८० ते ६०, म्हणजे २० सेंटीमीटर पीट दोनशे वर्षांत. त्या अक्षांशावर ही वाढ जोरदार आहे. उबेत मॉस जोमाने वाढतं, त्यावरून मी म्हटलं, इथे दोनशे वर्षं उन्हाळे उबदार होते. तुम्ही व्याख्यानात बघता तो तापमानाच्या आलेखातला उंचवटा तो हाच. पण ८० सेंटीमीटरची तारीख मुळांनी अलीकडे ओढली असेल, तर तो थर खरा आणखी जुना, वाढ संथ, आणि उंचवटा नाहीच.

यावर कुणी म्हणेल, मग सगळंच खोटं. नाही. हिमयुगानंतर स्वालबार्ड काही काळ आजच्याइतकं किंवा त्याहून उबदार होतं, हे तिथल्या समुद्रातल्या, फार थंड पाणी न मानवणाऱ्या निळ्या शिंपल्यांवरूनही दिसतं. ते पुढे नाहीसे झाले आणि २००४ मध्ये पुन्हा जिवंत सापडले. तेव्हाच्या उबेचं मोठं कारण पृथ्वीच्या कक्षेत आणि अक्षाच्या कलण्यात होतं, उन्हाळ्यात उत्तरेला ऊन जास्त मिळत होतं. आज ते कारण उलट्या दिशेला आहे, तरी तिथलं बर्फ वितळतंय. "पूर्वीही गरम होतंच की" म्हणणाऱ्यांना माझ्या एका उंचवट्याचा आधार नको आणि माझ्या चुकीचाही नको.

८० सेंटीमीटरचा तुकडा अजून फ्रीजरमध्ये आहे, काडेपेटीएवढा. त्यातल्या काड्या मी मागच्या वर्षीच वेचून ठेवल्यात. पाठवलेल्या नाहीत. खर्चाचं कारण मी सगळ्यांना सांगते. ते अर्धंच खरं आहे.