तळाशी गाळ आहे, बाटली खराब नाहीये

आमची बाग दिंडोरी तालुक्यात. अण्णांनी थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं लावलेली, एक्स्पोर्ट डोक्यात ठेवून, त्यामुळे मी लहानपणापासून बघितलंय ते एकच, फेब्रुवारीत आभाळ भरून आलं की त्या रात्री घरात कुणी नीट जेवत नाही. २००१ ला सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, आजूबाजूला सगळेच वाइनची द्राक्षं लावायला लागले, आम्ही पण एक एकर शेनिन ब्लां (पांढऱ्या वाइनची) आणि दीड एकर शिराझ (लाल वाइनची) लावली. मग २००८ नंतरची मंदी. माल उचलायला कुणी येईना, लोकांनी उभ्या बागांना कुऱ्हाड लावली. अण्णा पण तोडणारच होते, मी म्हटलं एक सीझन थांबा. तो एक सीझन अजून चालूच आहे म्हणा.

मधली काही वर्षं मी दुसऱ्यांच्या वायनरीत सेलरचं, म्हणजे वाइन बनते त्या टाक्यांवरचं काम केलं. तिथे रस आंबवणारं यीस्ट पाकिटातून यायचं, ॲसिड कमी पडलं तर पोत्यातून. वाइन चांगलीच व्हायची, खोटं कशाला बोलू. पण मला कळेना की यीस्ट तर सालीवर असतंच, मग आपण ते विकत का घेतो? उत्तर बागेतच होतं, आम्ही बुरशीनाशक इतकं मारायचो की सालीवर काही जिवंत राहिलं असेल तर नशीब.

म्हणजे आधी जमीन. आमची मुरमाड, पाणी धरत नाही, वेलीला झगडायला लागतं आणि वाइनसाठी तेच बरं, मणी बारीक राहतो, साल जाड. शेणखत, जीवामृत, ओळींमध्ये ताग, गवत कापून तिथेच आच्छादन. गांडुळं परत दिसली तेव्हा अण्णा पहिल्यांदा काही न बोलता बराच वेळ बांधावर बसले होते. पण फवारणी शून्य नाही हां. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की डाऊनी (केवडा रोग) येतोच, तेव्हा मोरचूद-चुना आणि भुरीला गंधक मारतो. नाशकात बिनफवारणीची बाग ज्याला जमली त्याला माझा दंडवत.

मग स्वतःची वाइन करायची ठरवलं. परवान्याच्या कागदांचं काही लिहीत नाही, बीपी वाढतं. पहिली बॅच २०० लिटरची, मार्चचं ऊन, चिलर नाही, टाकी तापली आणि सगळ्याचं व्हिनेगर. आईने त्यात मिरच्या घातल्या, वर्षभर पुरल्या.

आता तोडणी पहाटे चारला, हेडलॅम्प लावून, ऊन चढायच्या आत क्रेट आत. शेनिन २१-२२ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) काढतो. यीस्ट घालत नाही, त्यामुळे पहिले तीन-चार दिवस टाकीत काहीच होत नाही आणि ते दिवस मी झोपत नाही, घरचे मला टाळतात. मग एकदा बुडबुडे सुरू झाले की शिराझच्या साली वर येतात, तो थर दिवसातून तीन वेळा हाताने खाली दाबायचा, हात आठवडाभर जांभळे. बाटली भरताना वाइन टिकावी म्हणून अगदी थोडं सल्फर घालतो, ज्यांना तेही चालत नाही ते माझ्यावर रागावतात, रागवा, नाशिकच्या मे महिन्यात बाटली दुकानात कुठे ठेवतात ते मी बघितलंय.

गाळत नाही म्हणून गढूळ दिसते. सुरुवातीला एका दुकानदाराने अख्खी पेटी परत पाठवली, नासलीये म्हणून. तेव्हापासून लेबलवर मोठ्या अक्षरात छापतो, तळाशी गाळ आहे.

आमची आजी माळकरी. वाइनचा थेंब तोंडाला लावला नाही, लावणारही नाही. पहिली दोन वर्षं माझ्याशी धड बोलली पण नाही. आता मात्र तोडणीच्या दिवसांत काठी टेकत सेलरच्या दारापर्यंत येते, आत पाऊल टाकत नाही, तिथूनच वास घेते आणि म्हणते, तिसऱ्या टाकीचं बिघडतंय रे. आणि हायड्रोमीटर लावून साखर बघावी तर खरंच आंबणं अडकलेलं असतं. पगार विचारला तर शेंगदाण्याची चिक्की मागते.

बघायला यायचं असेल तर फेब्रुवारीत या, कळवून या, आणि पहाटे या. दहा वाजता आलात तर फक्त धुतलेले क्रेट दिसतील.