नर्सिंग झालं, आता जर्मनीला जायचं असेल तर

यवतमाळ, बुलढाणा, गडचिरोलीकडच्या पोरी जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून निघाल्या की घरात एकच प्रश्न असतो, बाहेर नोकरी लागेल का? लागते, पण सगळीकडे नाही. आखाती देशांतले बहुतेक दवाखाने दोन वर्षांचा वॉर्डचा अनुभव मागतात. ब्रिटनची बाहेरून होणारी भरती अलीकडे बरीच आटली आहे. नुकत्याच पास झालेल्या मुलीला अनुभवाशिवाय जाता येतं ते जर्मनीला, आणि तिथे गाडी अडते भाषेवर.

नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारणपणे बी-टू पातळीची (सहा पायऱ्यांपैकी चौथी) जर्मन लागते. शून्यापासून तिथवर जायला गोएथे इन्स्टिट्यूटच्या हिशेबाने 45 मिनिटांचे 600 ते 800 तास लागतात. 'सहा महिन्यांत बी-टू' असं बॅनर दिसलं तर हा आकडा आठवा. नाइट ड्यूटी करून एवढा अभ्यास झेपत नाही, म्हणून शेवटच्या वर्षापासूनच सुरुवात करावी. परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग असतात आणि प्रत्येकात 100 पैकी 60 गुण लागतात. एक भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. गावात जर्मन बोलायला कोणी नसतं. दोघी-तिघींनी मिळून रोज फोनवर अर्धा तास तरी बोलावं.

कागदांत सगळ्यात जास्त नडतं ते नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. वैशालीचा 'व' एकीकडे व्हीने, दुसरीकडे डब्ल्यूने. लग्न झालेलं असेल तर नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. हे सगळं पासपोर्ट काढायच्या आधीच एकसारखं करून घ्या, नंतर गॅझेट आणि प्रतिज्ञापत्रांत महिने जातात. कॉलेजकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शिकलेल्या विषयांचा तपशीलवार दाखला, घेताना विषयवार थिअरीचे आणि प्रॅक्टिकलचे तास लिहून घ्याच. जर्मनीतलं मान्यता देणारं कार्यालय तेच तास तिथल्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतं. नुसत्या मार्कशीटवरून ते त्यांना कळत नाहीत.

तफावत निघाली की 'डेफिझिटबेशाइड' नावाचं पत्र येतं. नकार समजून रडत बसू नका, बहुतेकींना ते येतंच. तिथे जाऊन पूरक प्रशिक्षण घ्यायचं किंवा ज्ञानपरीक्षा द्यायची. परीक्षेत नापास झालात तर ती एकदाच पुन्हा देता येते. तोवर मदतनीस म्हणून काम आणि पगारही कमी. कामही वेगळं असतं. आपल्याकडे पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं नातेवाईक करतात. तिथे ते नर्सचं काम आहे, वृद्धाश्रमात तर दिवसभर.

एजंटचा परवाना भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. भारतात परवानाधारक एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. सोयाबीन-कपाशीचे पैसे पावतीशिवाय कोणाच्या हातात देऊ नका आणि मूळ प्रमाणपत्रं तर कुणाकडेच ठेवू नका. करारात तीन ओळी शोधा: मदतनीस असताना पगार किती, मान्यतेनंतर किती, आणि नोकरी मधेच सोडली तर किती रक्कम परत मागणार. तिसरी ओळ बहुतेक वेळा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात असते.