बिजागरीपाशी तुटलेली तार

२०१३ साली घेतलेला माझा लॅपटॉप यंदाच्या मे महिन्यात त्रास देऊ लागला. झाकण पूर्ण उघडले की स्क्रीनवर गुलाबी झाक पसरायची, आडव्या रेषा थरथरायच्या आणि झाकण थोडे पुढे ओढले की चित्र पुन्हा स्वच्छ व्हायचे. नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका दुकानात तो दाखवला, तेव्हा कारागिराने जेमतेम दोन मिनिटे पाहून पॅनेल (चित्र दाखवणारा पडदा) गेले आहे, साडेचार हजार लागतील, असे सांगितले. झाकणाच्या कोनाप्रमाणे बिघाड येतो आणि जातो, हे मी दोनदा सांगूनही त्याने मनावर घेतले नाही, याचे मला फार वाईट वाटले. कारण खरी खूण तीच होती.

घरी आल्यावर एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडला. तासभर चित्र स्थिर राहिले, तेव्हा चित्र तयार करणारी ग्राफिक्स चिप आणि मदरबोर्ड (मुख्य सर्किट बोर्ड) यांच्याविषयीची शंका बरीचशी मिटली. मग बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या, पानावर थांबून पाहिले. तिथे विंडोजच्या ड्रायव्हरचा संबंध नसतो, तरीही गुलाबी झाक होतीच. उरली ती स्क्रीनची केबल किंवा पॅनेल. (ज्यांची स्क्रीन पूर्ण काळी पडते, त्यांनी अंधारात टॉर्च तिरपा धरून पाहावे, चित्र पुसटसे दिसले, तर फक्त मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, बंद पडलेला असतो.)

रविवारी सकाळी ऊन चढण्यापूर्वी लॅपटॉप उघडला. कूलर मुद्दाम बंद ठेवला, कारण त्याचा ओलसर वारा उघड्या मदरबोर्डवर नको होता. आधी चार्जर आणि बॅटरी काढून पॉवरचे बटण पंधरा सेकंद दाबून धरले. ही पायरी कधीही गाळू नये: स्क्रीनच्या कनेक्टरमधून बॅकलाइटची वीजही जाते आणि वीज असताना तो तिरका बसला तर मदरबोर्डवरचा फ्यूज उडू शकतो. रबरी बुचांखालचे स्क्रू काढून चौकट नखाने कडेकडेने सोडवली. डाव्या बिजागरीपाशी केबलवरची काळी पट्टी झिजून चोथा झाली होती आणि केसाएवढ्या तारांपैकी एकीचे तांब्याचे टोक उघडे चमकत होते.

नवी केबल जुनीवरच्या चिठ्ठीचा क्रमांक जुळवूनच मागवली. पॅनेलपर्यंत चित्र पोचवण्याच्या दोन पद्धती आहेत: जुन्या एलव्हीडीएस पॅनेलला साधारणपणे ४० आणि नंतरच्या ईडीपी पॅनेलला ३० पिनांची केबल असते आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही. ६५० रुपयांत काम झाले. बिजागरी धुळीने घट्ट झाली होती, म्हणून ती पुसून किंचित तेल दिले आणि वळणावर केबल थोडी सैल सोडली. आता झाकण कुठेही थांबवले तरी कोऱ्या पानाचा पांढरा रंग पांढराच दिसतो.