देणगीपेटीशेजारचं टेबल

आमच्या कार्यालयात वर्षातला एक दिवस धर्मादाय कामासाठी निधी गोळा करण्याचा असायचा. सगळे घरून काही ना काही करून आणत, ते टेबलावर मांडत. ज्याला जे हवं ते घ्यावं, पेटीत मनाला येईल तेवढी देणगी टाकावी. सुरुवातीच्या वर्षांत त्या टेबलावर केक, बिस्किटं, चॉकलेटं आणि थंड पेयं एवढंच असे. मधुमेह असलेले सहकारी पेटीत पैसे टाकून तसेच जागेवर परतत, ते मला फार लागायचं. त्यांनी नुसती देणगी द्यावी आणि बाकीच्यांनी मिळून खावं, हा कसला एकत्र दिवस?

बदल घडवला तो लेखा विभागातल्या ताईंनी. गोड बंद करा, असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या केकमध्ये साखर पाव भाग कमी घातली, थोडं लोणी वगळून त्याऐवजी पिकलेलं केळं कुस्करलं आणि निम्म्या मैद्याऐवजी गव्हाचं पीठ घेतलं. हे पीठ ओलावा जास्त शोषतं, म्हणून दूध जरा जास्त. तुकडेही नेहमीच्या निम्म्या आकाराचे कापले. केक सगळ्यांत आधी संपला! पदार्थावर ‘आरोग्यदायी’ अशी चिठ्ठी मात्र त्यांनी कुणाला लावू दिली नाही. चिठ्ठीवर चव लिहा, म्हणायच्या. मला ते अजूनही शंभर टक्के पटतं. औषध म्हणून पुढे केलेलं खायला कोणाचा हात धावतो?

मग दरवर्षी टेबल बदलत गेलं. फळांचे तुकडे काड्यांना ओवलेले, सफरचंद काळं पडू नये म्हणून त्यावर लिंबाचा रस. गाजर-काकडीच्या लांब फोडी आणि त्यासोबत हमस, म्हणजे काबुली चणे वाटून केलेली चटणी. कमी मिठाचे पॉपकॉर्न. सगळ्यांत जास्त गर्दी व्हायची ती ‘आपला वाडगा आपण भरा’ या कोपऱ्यात. तिथे साधं दही, भाजलेले ओट्स, फळं आणि सुकामेवा असे. एरवी जिन्यात नुसती मान हलवणारी माणसं तिथे एकमेकांच्या वाडग्यात डोकावून गप्पा मारत उभी राहायची.

एका वर्षी फळांच्या रसावरून चांगलीच चर्चा रंगली. रस म्हणजे फळच की, असं बऱ्याच जणांचं म्हणणं. तेव्हा ताईंनी जागतिक आरोग्य संघटनेची 2015ची शिफारस वाचून दाखवली. मुक्त साखर, म्हणजे पदार्थात वरून घातलेली आणि मध, पाक, रस यांतली साखर, दिवसभराच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी असावी, म्हणजे 2000 कॅलरींच्या आहारात साधारण 50 ग्रॅमच्या आत. या हिशेबात रसातली साखर धरतात, अख्ख्या फळातली धरत नाहीत. पुढच्या वर्षीपासून लिंबाच्या चकत्या आणि पुदिना घातलेल्या पाण्याचे जग आले.

दही-हमससारखे पदार्थ बाहेर 2 तासांपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत, म्हणून ते फ्रिजमधून थोडे थोडे आणले जात. प्रत्येक पदार्थाला वेगळा चमचा आणि शेजारी घटकांचं कार्ड: शेंगदाणे, सुकामेवा, दूध, अंडी, गहू, सोया, तीळ यांपैकी काय आहे ते ठळक. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला एक नवा मुलगा ती कार्डं एकेक करून वाचत होता. असल्या कार्यक्रमात आजवर आपण काही खाल्लंच नव्हतं, असं त्याने सांगितलं, आणि कितीतरी जण त्याला काय काय चालेल ते शोधायला लागले.

नंतर नंतर लोक खाता खाता पाककृती विचारू लागले. त्यातून एक छोटी पुस्तिका निघाली. ज्याने पदार्थ आणला त्यानेच आपलं पान लिहायचं आणि विक्रीचे सगळे पैसे निधीत. ताईंच्या केकच्या पानावर मूळ साखर आणि कमी केलेली साखर दोन्ही प्रमाणं होती. पुस्तिका दुपारपर्यंत संपल्या. ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांनी देणगी आधीच देऊन नावं नोंदवली आणि आम्ही आनंदाने दुसरी खेप छापायला टाकली.