आमची वाटचाल : फर्मानांच्या फारसीकडून तेहरानच्या फारसीकडे

पुण्यातील आमचे छोटे भाषांतर कार्यालय सुरू झाले ते आदिलशाही फर्मानांच्या आणि सनदांच्या मराठी भाषांतरांवर. आम्ही दोघे भागीदार फारसी शिकलो तेही इतिहासाच्या कागदांसाठीच. पुढे एका चित्रपट मंडळाने इराणी दिग्दर्शिका रख्शान बनी-एतेमाद यांच्या काही चित्रपटांना मराठी उपशीर्षके करून देण्याचे काम आमच्याकडे सोपवले आणि तेव्हापासून उपशीर्षके हेच आमचे मुख्य काम झाले आहे.

१९५४ साली तेहरानमध्ये जन्मलेल्या बनी-एतेमाद यांनी दूरचित्रवाणीत काम केले, माहितीपट केले आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या कथापटांकडे वळल्या. 'नर्गेस' (१९९२) या चित्रपटासाठी त्यांना इराणमधील फज्र चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तरीही माहितीपट त्यांनी कधी सोडला नाही, आणि त्यांचे कथापट इतके खरे का वाटतात याचे कारण मला तरी त्यातच दिसते.

आमची पहिली अडचण उच्चारांची होती. फर्मानातला 'नान' तेहरानच्या बोलण्यात 'नून' होतो आणि 'खाना'चे, म्हणजे घराचे, 'खुने' होते, त्यामुळे सुरुवातीचे कित्येक दिवस आम्ही एकेक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत बसलो. त्याहून अवघड ठरले ते मराठीत रुळलेले फारसी शब्द, कारण ओळखीचा शब्दच अधिक फसवतो. बाईंच्या २००२ सालच्या माहितीपटाचे नाव 'रूझगार-ए मा'. पहिल्या खर्ड्यात आम्ही 'आमचा रोजगार' असे लिहिले होते, परंतु तेथे त्याचा अर्थ 'आमचा काळ' असा आहे. त्यांच्याच 'खून बाजी' या चित्रपटाच्या नावातला खून म्हणजे हत्या नव्हे, रक्त. आणि व्यसनात अडकलेल्या मुलीच्या त्या कथेत हा फरक चुकला असता तर प्रेक्षक भलत्याच चित्रपटाची वाट पाहत बसला असता.

बाईंच्या कामाची पद्धत आम्हाला सर्वांत जवळून कळली ती 'घेस्सेहा' म्हणजे 'किस्से' (२०१४) या चित्रपटामुळे. इराणचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांच्या कारकिर्दीत पूर्ण लांबीचा कथापट करण्याऐवजी त्यांनी लघुपटांच्या परवान्यांवर एकेक प्रसंग चित्रित केला, त्यांत आपल्या जुन्या चित्रपटांतील पात्रे परत आणली आणि मग सारे एकत्र गुंफले. व्हेनिसला त्या पटकथेला पुरस्कार मिळाला. परवानगीच्या चौकटीत राहूनही आपले म्हणणे न सोडण्याची ही चिकाटी मला पुरस्कारापेक्षा मोठी वाटते.

सध्या आम्ही 'झीर-ए पूस्त-ए शहर' म्हणजे 'शहराच्या कातडीखाली' (२००१) हा त्यांचा चित्रपट पुन्हा तपासत आहोत. त्यातली तूबा कापड कारखान्यात राबणारी आई आहे. तिची भाषा पुस्तकी होऊ नये म्हणून आम्ही तिची वाक्ये इचलकरंजीत यंत्रमागावर काम केलेल्या एका मावशींना वाचून दाखवली आणि त्यांनी सुचवलेले अनेक बदल तसेच ठेवले. शेवटी तूबा कॅमेऱ्यासमोर उभी राहून चित्रीकरण करणाऱ्यांना प्रश्न विचारते. त्या प्रश्नासाठी आमचे चार पर्याय होते, मावशींनी ते सारे बाजूला सारून, तूबाच्या जागी आपण असतो तर काय म्हटले असते ते सांगितले, आणि आता पडद्यावर तेच उमटेल : "ह्या फिलमा तुम्ही दावता तरी कुणाला?"