निळा रंग गेला कुठे?

प्रकाशात रंग तोडणारी पावडर घालून बीकर दिव्यापुढे ठेवला, तर दोन तासांत त्यातलं मिथिलीन ब्लू (एक निळा रंग) साध्या पाण्यासारखं दिसायला लागलं आणि मी लगेच फोटो काढून सरांना पाठवला. उत्तर आलं तीन शब्दांचं : 'अंधारात किती गेलं?'

दिवा लावण्याआधी अंधारात मी ढवळलंच नव्हतं.

ही पावडर म्हणजे कार्बन नायट्राइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडचं नॅनोकंपोझिट, म्हणजे दोघांच्या अतिसूक्ष्म कणांचा जोड-पदार्थ. नुसत्या टायटॅनियम डायऑक्साइडला ३८७ नॅनोमीटरच्या आतला अतिनील प्रकाश लागतो आणि उन्हात तो जेमतेम ४-५ टक्के. कार्बन नायट्राइडला निळा प्रकाशही चालतो. झाकण लावलेल्या क्रुसिबलमध्ये (भट्टीत चालणाऱ्या वाटीत) युरिया ५५० अंशांवर तापवला की ते मिळतं. दहा ग्रॅम युरिया घालायचा, अमोनियाचा वास सहन करायचा आणि हाती अर्धा ग्रॅमही पिवळी पावडर लागत नाही! दोन्ही पदार्थ एकमेकांना चिकटले की प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडकडे सरकतो, मागे राहिलेला होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) कार्बन नायट्राइडमध्येच राहतो. दोघं पुन्हा भेटून नुसती उष्णता होण्याआधी रंग तोडण्याचं काम उरकण्याची संधी मिळते. कंपोझिट करायचं ते एवढ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी बीकरला फॉइल गुंडाळून अर्धा तास ढवळलं. द्रावणात किती रंग उरलाय ते दाखवणारा ६६४ नॅनोमीटरचा पीक दिवा न लावताच बराच खाली आला होता. सेंट्रिफ्यूजच्या नळीत तळाशी बसलेली पावडर पिवळी नव्हती, हिरवट होती. रंग तुटला नव्हता, पावडरीवर जाऊन बसला होता.

त्यात मिथिलीन ब्लू स्वतःच दृश्य प्रकाश शोषतं आणि आपला इलेक्ट्रॉन पावडरीला देऊन टाकतं. म्हणजे श्रेय नक्की कोणाचं, तेही कळत नाही. (तरी आमच्याकडे सगळे पहिल्यांदा तेच घेतात. स्वस्त आहे आणि फोटो छान येतात.)

म्हणून आता फिनॉल. त्याला रंग नाही आणि दृश्य प्रकाशाशी काही देणंघेणंही नाही. झेनॉन दिव्यापुढे अतिनील अडवणारा ४२० नॅनोमीटरचा फिल्टर, दर अर्ध्या तासाला चार मिली सॅम्पल. चार तासांत निम्मंही गेलं नाही. एकूण सेंद्रिय कार्बन तर त्याहूनही कमी घटला. म्हणजे जे फिनॉल तुटलं, तेही कार्बन डायऑक्साइडपर्यंत पोचलं नव्हतं, हायड्रोक्विनोन-कॅटेकॉलसारखं काहीतरी होऊन मध्येच अडकलं होतं.

आणि स्वच्छ पाण्यासारखं दिसणारं ते द्रावण शेवटी फिकट तपकिरी झालं होतं. त्याचाही फोटो सरांना पाठवला. या वेळी अंधारातल्या आकड्यासकट.